दोनशे अकरा रुपये चाळीस पैसे

मुरबाड तालुक्यात आगगाडी अद्याप आलेली नाही. कल्याणला उतरावे, एस.टी. धरावी आणि खिडकीतून डोंगर जवळ येताना पाहत बसावे, असा आमच्याकडे यावयाचा शिरस्ता आहे. परंतु वाहतूक आणि वसुली या दोन गोष्टी या मुलखाला मुळीच नव्या नाहीत. वैशाखऱ्याजवळून जो नाणेघाट वर चढतो, त्याच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून जुन्नरकडे जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकीत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तेथल्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतातील अंकचिन्हांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. आमच्या डोंगराने अक्षरांबरोबरच आकडेही जपले, याचा आम्हां मुरबाडकरांना थोडा अभिमान आहे. तो वाचकांनी चालवून घ्यावा.

आता या डोंगरावरून बोलणी जातात, चित्रे जातात आणि पैसेही जातात. त्यांची जकात घेणारा रांजण डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात माणशी महिन्याला किती पडते ते मात्र छापून येते. सप्टेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत रिलायन्स जिओ या कंपनीला दर ग्राहकामागे दरमहा सरासरी २११ रुपये ४० पैसे मिळाले. ग्राहक होते ५० कोटी ६४ लाख. या दोन आकड्यांचा गुणाकार प्राथमिक शाळेतला मुलगाही करील. उत्तर महिन्याला दहा हजार कोटींच्या वर जाते. त्याच्या केवळ नऊ वर्षे आधी ज्या कंपनीला ग्राहकाकडून एक पैसाही मिळत नव्हता, तिची ही कथा आहे. या कथेतील एक दिवस तर आमच्या तालुक्याशी असा काही जोडला गेला आहे की, कादंबरीकाराने तो योग जुळविला असता तर टीकाकारांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

तो दिवस १ डिसेंबर २०१६ चा. पाचशे-हजाराच्या नोटा ८ नोव्हेंबरला रद्द झाल्या होत्या. मुरबाड तालुक्यातले धसई हे आजूबाजूच्या वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठानाने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने कार्डे घासण्याची यंत्रे दिली आणि राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. वडापावचे पैसेसुद्धा कार्डाने देता येतात, हे पाहावयास वार्ताहरांची रीघ लागली. नेमक्या त्याच दिवशी मुंबईत मुकेश अंबानी यांनी जाहीर केले की, जिओने तीन महिन्यांच्या आत पाच कोटी ग्राहक मिळविले असून फुकट सेवा आता ३१ मार्च २०१७ पर्यंत चालू राहील. इकडे गावाने रोकड सोडण्याची शपथ घेतली आणि तिकडे कंपनीने रोकड घेण्याचे आणखी चार महिने पुढे ढकलले!

यंत्राला तारायंत्राचे असो वा बिनतारी, पण जाळे लागते. धसईची हौस मोठी होती, जाळे मात्र तोकडे होते. पुढे वर्ष-दोन वर्षांत तेथे जाऊन आलेल्या वार्ताहरांनी रोख व्यवहार पुन्हा रुळल्याचे लिहिले. यात धसईकरांना हसण्याचे कारण नाही. जेथे यंत्र ‘थांबा, थांबा’ म्हणत राहते, तेथे मागे पाच गिऱ्हाइके उभी असलेला दुकानदार गल्ल्यातच हात घालणार.

या जाळ्याचा पूर्वेतिहास थोडा सांगितला पाहिजे. भारतात मोबाइलवरील पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या वर पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. मोबाइलच्या कारभारासाठी देशाचे जे विभाग पाडले, त्यांत मुंबईच्या विभागात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण एवढे आले. मुरबाड आणि शहापूर उरले महाराष्ट्र-गोवा विभागात. म्हणजे मुरबाडचा माणूस फोनच्या दृष्टीने गडचिरोली आणि पणजीचा शेजारी, पण रोज जेथे नोकरीला जातो त्या कल्याणला परका! घाटावरचा जकातनाका जाऊन कल्याणच्या अलीकडे नवा नाका बसला, असेच म्हणावयाचे. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला, दर उतरत गेले, आणि ‘मिस्ड कॉल’ ही मध्यमवर्गाची अत्यंत काटकसरी अशी सांकेतिक भाषा जन्माला आली. एक वाजली तर पोहोचलो, दोन वाजल्या तर दूध आण. ती भाषा पुढे जिओने मारली. तिचे शब्दकोशात नाव राहावे अशी माझी इच्छा आहे.

जिओचे बीज २०१० चे. त्या वर्षी बिनतारी इंटरनेटच्या लहरींचा लिलाव झाला, त्यात इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा कोणाच्या कानावर नसलेल्या कंपनीने देशभराच्या सर्व बावीस विभागांत १२,८४८ कोटींची बोली जिंकली आणि त्याच दिवशी रिलायन्सने ४,८०० कोटी रुपये घालून तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. पुढली सहा वर्षे कंपनी नुसती खर्चच करीत होती. सेवा सुरू होण्याच्या सुमारास हा आकडा दीड लाख कोटींवर गेला. ५ सप्टेंबर २०१६ ला दुकान उघडले ते बोलणे कायमचे फुकट आणि इंटरनेट काही महिने फुकट, अशा पाटीने.

यातली खरी मेख पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. इतर कंपन्यांपाशी टू-जी, थ्री-जी आणि फोर-जी अशी तीन पिढ्यांची यंत्रे एका घरात नांदत होती. आजी, आई आणि सून तिघींचा स्वयंपाक वेगळा. जिओने आजी आणि आई ठेवलीच नाही. तिच्या जाळ्यात आवाजसुद्धा इंटरनेटच्या पुडक्यांतून जातो, त्यामुळे बोलणे फुकट देणे तिला इतरांइतके जड गेले नाही. अंगठा टेकवून आधारवरून काही मिनिटांत सिम चालू करण्याची सोय होती, म्हणून गर्दी उरकत गेली. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले. २०१७ च्या जुलैत पंधराशे रुपये परत मिळणाऱ्या अनामतीवर बटणांचा जिओफोन जाहीर झाला. खेड्यापाड्यांत प्रवेशाचे ते दार ठरले. सरकारी नियामकाच्या हिशेबाप्रमाणे एका जीबी इंटरनेटमागे कंपन्यांना २०१४ मध्ये सरासरी २६९ रुपये मिळत, ते २०१८ मध्ये बारा रुपयांच्याही आत आले.

दर असा कोसळला की बाजारात कोण उरते? रिलायन्स कम्युनिकेशन्स या धाकट्या बंधूंच्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस मोबाइलवरील बोलण्याची सेवा आवरली. एअरसेल २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. टेलिनॉर एअरटेलमध्ये विरली, टाटांचा मोबाइल धंदाही तिकडेच गेला. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आयडियाचे मूळ बिर्लांना १९९५ मध्ये मिळालेल्या महाराष्ट्र आणि गुजरातच्या परवान्यात होते, म्हणजे ती एका अर्थी आमच्याच विभागात वाढलेली मुलगी. एक होतेवेळी देशात तिच्याएवढे ग्राहक कोणापाशी नव्हते. पुढे ते निम्म्याहून खाली आले आणि २०२५ मध्ये थकबाकीच्या बदल्यात सरकारच तिचे जवळजवळ निम्मे भागीदार झाले.

जिओला पहिला नफा ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७ या तिमाहीत झाला, ५०४ कोटींचा. तेव्हा दर ग्राहकामागचे मासिक उत्पन्न १५४ रुपये होते. गंमत अशी की, ग्राहक वाढत गेले तसे हे सरासरी उत्पन्न घसरून २०१९ मध्ये १२० वर आले. कारण नवे येत होते ते गरीब, आणि गरिबाची सरासरी खालीच ओढते. त्यानंतर दर वाढू लागले. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि जुलैत गुगलने ३३,७३७ कोटी घालून जिओच्या मूळ कंपनीत हिस्से घेतले. अमेरिकेतल्या या शहाण्यांनी पैसा ओतला तो अर्थात धसईच्या आणि टोकावड्याच्या ग्राहकांकडे पाहून. शहरातले ग्राहक तर आधीच कोणा ना कोणाच्या खिशात होते.

३ जुलै २०२४ चा दिवस घरोघरच्या गृहिणींना आठवत असेल. त्या दिवसापासून १५५ रुपयांचा रिचार्ज १८९ ला झाला आणि २३९ चा २९९ ला. पुढल्या तिमाहीच्या शेवटी जिओचे ग्राहक ४८ कोटी ९७ लाखांवरून ४७ कोटी ८८ लाखांवर उतरले. एक कोटी नऊ लाख माणसे, म्हणजे मुंबईसारखे एक अवाढव्य शहर, तीन महिन्यांत दुकानातून निघून गेले. पुष्कळांनी बीएसएनएलची वाट धरली. त्या एका जुलैत तिचे एकोणतीस लाखांच्या घरात ग्राहक वाढले. अशा वेळी एखाद्या वाण्याने कपाळाला हात लावला असता. येथे सरासरी उत्पन्न १८१ रुपये ७० पैशांवरून १९५ रुपये १० पैशांवर चढले होते. ढोबळ गुणाकार केला तर माणसे कमी होऊनही महिन्याला चारशे कोटींहून अधिक जास्तच जमले. २०२४-२५ या वर्षी जिओ प्लॅटफॉर्म्सचा निव्वळ नफा २६,१०९ कोटी झाला आणि गेलेल्यांची जागा नव्यांनी भरून २०२५ च्या सप्टेंबरअखेर संख्या पन्नास कोटींच्या वर पोहोचली होती.

शहरातल्या वाचकाला साठ रुपयांची वाढ म्हणजे एका वेळचे चहा-फराळ. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर मात्र रिचार्ज कोणाचा ‘मारावयाचा’, याची घरात चर्चा होते. (‘रिचार्ज मारणे’ हे क्रियापद आम्ही व्याकरणवाल्यांनी कितीही नाक मुरडले तरी मराठीत मुक्कामाला आले आहे. मारणे या धातूला आपल्या भाषेत कशाचेच वावडे नाही. आपण गप्पा मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो.) आणि रिचार्ज मारूनही रेंज हवी. मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये माळशेजचा कडा आला की पलीकडच्या खोऱ्यात सावली पडते, झाडाची पडावी तशी. लहरी जितक्या कमी कंपनांच्या, तितक्या त्या लांब जातात आणि भिंतींतून शिरतात. म्हणून अशा लहरींना लिलावात फार मोल येते. तरीसुद्धा मनोरा हवाच. मनोऱ्याला रात्रंदिवस वीज हवी, वीज गेली की डिझेल हवे, जागेचे भाडे हवे, आणि हमरस्त्यावरून काचेची तार तरी आणली पाहिजे किंवा डोंगरावरून डोंगरावर बिनतारी दुवा तरी जोडला पाहिजे. समजा, एका पाड्यावर पन्नास फोन आहेत. पन्नास गुणिले दोनशे अकरा म्हणजे महिन्याला साडेदहा हजार रुपये. तेवढ्यात हा सारा प्रपंच कसा चालावा? कल्याण-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेला एका वळणावर चार मनोरे दिसतात आणि चार मैल आत एकही दिसत नाही, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे. यात दुष्टावा कोणाचाच नाही, पण कोरडेपणा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हा कोरडेपणा आम्हां मास्तरांना वर्गात दिसला. पटावर साठ मुले असावीत आणि पडद्यावर अकरा नावे उमटावीत. काही मुली टेकाडावर चढून, पावसात डोक्यावर इरले घेऊन तास ऐकत. कवितेचा अर्थ सांगताना मधेच आवाज तुटे आणि ‘सर, पुन्हा सांगा’ एवढेच शब्द येत. पुन्हा सांगावे तो टेकाडच गप्प. त्यांतल्या एकीने वर्षअखेर निबंधात आपल्या गावची रेंज कोणत्या जांभळाखाली येते त्याचे मोठे नामी वर्णन केले होते.

शेजारच्या शहापूर तालुक्याकडे पाहिले की आणखी एक गोष्ट मनात येते. तानसा १८९२ पासून आणि पुढे भातसा, अशा तेथल्या धरणांचे पाणी मुंबईस जाते, आणि वैशाखात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. खालून वर येणाऱ्या लहरींचे तसे होऊ नये म्हणून सरकारने एक तरतूद पूर्वीच केलेली आहे. प्रत्येक कंपनीच्या हिशेबी महसुलातून शेकडा पाच रुपये एका निधीत जातात. २०२४ पासून त्याचे नाव डिजिटल भारत निधी. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारने जाळे न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि ती बीएसएनएलकडे सोपविली. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी उभारलेल्या देशी यंत्रांवर चालणारे सुमारे साडेसत्त्याण्णव हजार मनोरे २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुड्याहून एकदम सुरू झाल्याचे जाहीर झाले. दादरला किंवा डोंबिवलीला बसून रिचार्ज करणाऱ्या वाचकाने आपल्या दर शंभरांतले काही रुपये अशा एखाद्या डोंगरमाथ्याकडे निघाले आहेत, हे ध्यानी ठेवावयास हरकत नाही.

इतक्यात फाइव्ह-जी आले. २०२२ च्या लिलावात जिओने ८८,०७८ कोटींच्या लहरी घेतल्या, त्यांत लांबवर जाणाऱ्या सातशे मेगाहर्ट्‌झच्या लहरीही होत्या. त्या ऑक्टोबरात सेवा सुरू झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत जिओचे २३ कोटींहून अधिक ग्राहक तिच्यावर आले. धसईच्या कार्ड-यंत्रांना जे जमले नाही, ते दुकानाच्या दारावर चिकटविलेल्या चौकोनी चित्राने पुष्कळ ठिकाणी करून दाखविले आहे. मुरबाडच्या बाजारात भाजीवाली जुडी बांधता बांधता मानेनेच त्या चित्राकडे खूण करते आणि पैसे जमा झाल्याचे यंत्राने मोठ्याने ओरडून सांगेपर्यंत जुडी हातची सोडीत नाही.

२९ ऑगस्ट २०२५ च्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी, २०२६ च्या पहिल्या सहामाहीत जिओचे शेअर लोकांना विक्रीस काढण्याचा मानस जाहीर केला. त्या शेअरचे मोल ठरविणारे पंडित प्रथम ग्राहकसंख्या पाहतील आणि मग लगेच दर ग्राहकामागचे उत्पन्न. त्या दोनशे अकरा रुपये चाळीस पैशांत भाजीवालीचा रिचार्ज आहे आणि जांभळाखाली उभ्या राहणाऱ्या पोरीचाही आहे.