विश्लेषण : अमेरिकी डॉक्टरांना विमा कंपन्यांशी एकत्रित बोलणी का करता येत नाहीत?

रुग्णालयात पगारावर असलेले अमेरिकी डॉक्टर संघटनेमार्फत वेतनाची बोलणी करू शकतात. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्यांनी मात्र एकत्र येऊन विमा कंपनीकडे वाढीव दर मागितला, तर ते संगनमत ठरते. १९१४ च्या क्लेटन कायद्यातील सवलत कामगारांना आहे. स्वतंत्र डॉक्टर हा कायद्याच्या लेखी व्यावसायिक. त्याला १८९० चा शर्मन कायदा लागू होतो.

मॅरिकोपा खटला काय होता?

अ‍ॅरिझोनातील डॉक्टरांनी आपसांत शुल्काची कमाल मर्यादा ठरवली होती. हेतू दरांना वेसण घालण्याचा, असा त्यांचा बचाव होता. तरीही १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो करार बेकायदा ठरवला. दर कमी की जास्त हा प्रश्नच नव्हता. ते एकत्र बसून ठरवले, हाच दोष.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले का?

टेक्सासने १९९९ मध्ये सरकारी देखरेखीखाली मर्यादित मुभा दिली. टॉम कॅम्पबेल यांचे विधेयक ३० जून २००० रोजी प्रतिनिधिगृहात २७६ विरुद्ध १३६ मतांनी मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. डॉक्टरांचे दर वाढले की विम्याचे हप्ते वाढणार, हा संघीय व्यापार आयोगाचा आक्षेप होता. तो खोटा म्हणता येत नाही. पण मोजक्याच कंपन्या असलेल्या शहरात एकट्या डॉक्टरला समोर आलेल्या करारावर मुकाट सही करावी लागते, हेही तितकेच खरे.

डॉक्टरांना जास्त बोचत होते ते वेगळेच. विमा व्यवसायाला १९४५ पासून याच कायद्यांतून बरीच सूट होती. आरोग्यविम्यापुरती ती जानेवारी २०२१ मध्ये आटोक्यात आणली गेली. डॉक्टरांवरचे बंधन मात्र कायम आहे.