विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानात वारा शिरतो कुठून?

गोरेगावहून बोरिवलीची लोकल पकडली, की मालाडनंतरचे स्थानक कांदिवली. तिथल्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. ते उतरवायला क्रेन लागली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात हजारो मुंबईकरांनी ते पाहिले. पुढे २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. स्वतः विमान बांधणाऱ्यांची कथा बहुतेक वेळा परवानगी आणि पैसा याच वळणाने सांगितली जाते. पण विमान हवेत गेल्यावर जगभरच्या अशा हौशी बांधणाऱ्यांना एक साधाच प्रश्न छळतो : कॉकपिटमध्ये शिरणारा वारा.

फटीतून एवढा वारा येतो?

कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला कॅनोपी म्हणतात. तिच्या कडेला दोन मीटर लांब आणि जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद फट राहिली, तर एकूण भोक ५० चौरस सेंटिमीटरचे होते. म्हणजे सात सेंटिमीटर लांब-रुंद झरोकाच. त्यात वेग ताशी २०० किलोमीटर. शिवाय दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते. जमिनीवर ३२ अंश असताना दहा हजार फुटांवर १२ अंशांच्या आसपास. असा वारा तासभर मानेवर घेतलेला वैमानिक उतरताना ताजातवाना कसा असणार?

मग कॅनोपीला रबर लावले की झाले?

इथेच बरेच जण चुकतात. घरातले उदाहरण घ्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या तरच घरात वारा खेळतो, कारण आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. विमानात ही बाहेरची वाट अनेकदा कॅनोपीच असते. तिच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि आतली हवा कडेच्या फटींतून बाहेर ओढली जाते. तिची जागा घ्यायला हवा येते ती शेपटीकडून, पंखांच्या मुळाशी असलेल्या भोकांतून, नियंत्रणाच्या दांड्यांसाठी ठेवलेल्या छिद्रांतून. त्यामुळे गार झोत मानेवर मागून लागतो आणि माणूस समोरची फट बुजवत बसतो.

यात धोका कोणता?

थंडी सहन करता येते, धूर नाही. इंजिनाचा एक्झॉस्ट बऱ्याच विमानांत पोटाखाली सोडलेला असतो. तो पोटाला चिकटून मागे जातो आणि शेपटीकडच्या भोकांतून आत येऊ शकतो. इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या ‘फायरवॉल’मध्ये वायरी व केबलींसाठी पाडलेली छिद्रे उघडी राहिली, तर वाट आणखी जवळची. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते आणि निर्णय चुकू लागतात. फुटबॉलपटू एमिलियानो साला यांचे विमान २१ जानेवारी २०१९ रोजी इंग्लिश खाडीत कोसळले. त्यांच्या रक्तात या वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले. वैमानिकावरही परिणाम झाला असावा, असे ब्रिटनच्या अपघात तपास संस्थेने म्हटले. ते तर कारखान्यात बनलेले विमान होते.

फटी शोधायच्या कशा, बुजवायच्या कशा?

रात्री अंधारात कॉकपिटमध्ये प्रखर दिवा लावून बाहेरून फेरी मारली, की प्रकाश कुठून फुटतो ते दिसते. दुसरी रीत पंक्चरवाल्याची : आत ब्लोअरने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे, बुडबुडे आले तिथे फट.

क्रमाला महत्त्व आहे. आधी फायरवॉल, तिथे आगीला टिकणारे सीलंटच हवे, फर्निचरवाल्याकडचा फोम नाही. मग आसनांमागचा आडपडदा आणि दांड्यांची छिद्रे. दांड्यांवर चामड्याचे किंवा कापडी बूट घालतात, मात्र काठी पूर्ण फिरवून ते कुठे अडकत नाहीत ना, हे पाहावेच लागते. नियंत्रण अडकण्यापेक्षा वारा बरा. कॅनोपीची पाळी शेवटी. तिला मोटारीच्या दाराला असते तसे पोकळ रबर चालते. पण ते जाड झाले तर कडी पूर्ण बसत नाही आणि कॅनोपी हवेत उघडण्याची भीती राहते.

हार्डवेअरच्या दुकानातले व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळलेले बरे. ते वाळताना सुटणारे आम्ल धातूला गंजवते. स्पंजसारखा फोमही पाणी धरून ठेवतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे परवडणारे नाही. पोटाखालची पाणी निथळण्याची भोके तर चुकूनही बुजवायची नसतात.

सगळे बंद करून टाकले तर?

तेही नको. ताजी हवा मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून, धुरापासून दूर आत यावी आणि तिला बाहेर पडायलाही ठरलेली वाट असावी. आत येण्याचे झरोके बुजवले आणि बाहेरची वाट उघडी राहिली, तर आतला दाब घटून उरलेल्या भोकांतून धूर अधिकच ओढला जाईल. म्हणून रबर बदलल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत असतो. झरोका उघडा, मग बंद, चढताना, मग उतरताना, असे त्याचे आकडे लिहून घेतले जातात. आकडा वाढला, की विमान उतरवून पुन्हा दिवा लावायचा.