चुकणाऱ्याला सुनवायचं की सावरायचं? ख्रिस्ती धर्मात याबद्दल काय सांगितलंय?

एखाद्याचं काही चुकलं की आधी त्याचा स्क्रीनशॉट निघतो. तो दहा ग्रुपवर फिरतो, त्यावर शेकडो कमेंट्स येतात. पण ज्याचं चुकलं, त्याच्याशी कुणीच बोललेलं नसतं.

चुकणाऱ्या माणसाला ते सांगायचं कसं, हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुढे पहिल्या शतकापासून आहे. पापाला पाप म्हणायचं, पण माणूस गमवायचा नाही, ही त्यातली कसोटी. बायबलच्या नव्या करारात त्यासाठी चक्क पायऱ्या ठरवून दिल्या आहेत.

'पाप' म्हणजे नेमकं काय?

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी प्रामुख्याने 'हामार्तिया' हा शब्द येतो. तो ज्या क्रियापदापासून बनला, त्याचा जुना अर्थ आहे नेम चुकणं. ख्रिस्ती शिकवणीनुसार हा नेम प्रत्येकाचा चुकतो. म्हणजे चूक दाखवणारा आणि चुकलेला, दोघंही एकाच रांगेत उभे असतात.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ ही जोडी मराठी माणसाला चांगलीच परिचयाची आहे. मराठी बायबलमध्ये येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात हेच शब्द आहेत. या दाखल्यावरून 'कुणी कुणाला काही बोलूच नये' असा अर्थ अनेकदा काढला जातो. प्रत्यक्षात येशू कुसळ तसंच राहू द्या असं म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढा, म्हणजे दुसऱ्याचं कुसळ काढण्याइतकं स्पष्ट दिसेल, असं तो सांगतो.

आधी एकांतात, मग इतरांसमोर

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात ही पद्धत आहे. कुणी आपल्याविरुद्ध अपराध केला तर:

१. आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलायचं. त्याने ऐकलं तर विषय तिथेच संपला.
२. नाहीच ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत न्यायचं.
३. तरीही ऐकलं नाही, तरच मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या समुदायापुढे मांडायचं.
४. तेही मानलं नाही, तर त्याला परका किंवा जकातदार समजायचं.

चौथी पायरी कठोर वाटते आणि इतिहासात अनेक चर्चनी ती बहिष्कारासारखी वापरलीही. पण खुद्द येशू जकातदारांशी कसा वागला, हे शुभवर्तमानात नोंदलेलं आहे. रोमन सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्या या लोकांचा समाजाला तिटकारा होता.

यरीहो गावात येशू जक्कय नावाच्या अशाच एका मुख्य जकातदाराच्या घरी स्वतःहून गेला. लोकांनी नाकं मुरडली. त्यानंतर जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं जाहीर केलं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपलेपणा मिळाला, मग माणूस बदलला. आणि बदल नुसत्या 'सॉरी'वर थांबला नाही, नुकसानभरपाईपर्यंत गेला.

दगड हातात घेतलेल्यांची गोष्ट

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला येशूपुढे आणलं जातं. मोशेच्या नियमशास्त्रानुसार स्त्री आणि पुरुष दोघंही दोषी ठरतात, पण आणलं जातं फक्त तिला. ज्याने कधीच पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा, असं येशू सुचवतो. एकेक जण निघून जातो.

मग येशू तिला दोन गोष्टी सांगतो: तो तिला दोषी ठरवत नाही आणि तिने पुन्हा पापाकडे वळू नये. पहिली गोष्ट सोडली तर उरतो नुसता उपदेश. दुसरी सोडली तर चुकीकडे डोळेझाक होते.

पंडिता रमाबाईंना काय दिसलं?

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅम इथे ख्रिस्ती भगिनी चालवत असलेलं काम त्यांनी पाहिलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रिया तिथे सांभाळल्या जात होत्या आणि त्यांतल्या काही जणी आता इतरांची सेवा करत होत्या. अशा स्त्रियांनाही पुन्हा उभं करता येतं, हे आपल्याला तिथे पहिल्यांदा कळलं, असं रमाबाईंनी पुढे लिहिलं.

या स्त्रियांची एवढी काळजी का, असं त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी त्यांनी 'कृपा सदन' सुरू केलं.

'पापाचा तिरस्कार करा, पाप्याचा नको' हे पुरेसं आहे का?

या विचाराचं मूळ पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीन यांच्या एका पत्रात सापडतं. महात्मा गांधींनीही आत्मकथेत तो मांडला आणि तो समजायला सोपा असला तरी क्वचितच आचरणात येतो, असं नमूद केलं.

टीकाकारांचा आक्षेपही इथेच आहे. बोलणारा 'मी फक्त पापाचा तिरस्कार करतो' म्हणतो, पण समोरच्याच्या वाट्याला तिरस्कारच येतो. समलैंगिक व्यक्तींनी हा अनुभव अनेकदा सांगितला आहे. मुळात पाप कशाला म्हणायचं, यावरही ख्रिस्ती पंथांमध्ये मतभेद आहेत.

प्रेम म्हणजे झाकणं नव्हे

'आधी एकांतात बोला' हा नियम गुन्ह्याला लागू होत नाही. जगभरातल्या अनेक चर्चमध्ये मुलांवरचे लैंगिक अत्याचार क्षमेच्या आणि बदनामीच्या नावाखाली दडपले गेले. त्याची किंमत पीडितांनी मोजली. पीडिताला अत्याचार करणाऱ्यासमोर एकटं बसवणं हे प्रेम नव्हे. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि ती लपवणं हा गुन्हा आहे.

मग बोलण्याआधी काय तपासावं?

या शिकवणीतून तीन प्रश्न निघतात. आपण आधी त्या व्यक्तीशी थेट बोललो आहोत का? तिने सुधारावं असं वाटतंय, की तिची फजिती पाहायची आहे? आणि ती बदलली, तर तिला परत जवळ घ्यायची आपली तयारी आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर मत्तयच्या १८व्या अध्यायातल्या पायऱ्यांना काही अर्थ उरत नाही. कारण त्यांचा हेतू एकच सांगितला आहे: आपला भाऊ परत मिळवणं.