महाराष्ट्र क्रिकेट संघ (१९३९–४९)

रणजी करंडक स्पर्धेत मुंबई व विदर्भ हे विभाग वगळून उर्वरित महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करणारा संघ. पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नासिक इ. जिल्ह्यांतील खेळाडू या संघातून खेळतात. १९३९-४० ते १९४८-४९ हे दशक या संघाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. या दहा हंगामांच्या आरंभी संघाने लागोपाठ दोन वेळा अजिंक्यपद मिळविले. शेवटच्या हंगामात त्याच्या फलंदाजांनी विक्रमी धावा केल्या. मधल्या व नंतरच्या काळात मात्र करंडक त्याच्या हाती पुन्हा आला नाही. यश आणि ऱ्हास या दोहोंची कारणे खेळाडूंच्या गुणांइतकीच तत्कालीन क्रिकेटच्या आर्थिक व सामाजिक रचनेत आढळतात.

पार्श्वभूमी : कुमार श्री रणजितसिंहजी यांच्या स्मरणार्थ पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी दिलेल्या करंडकासाठी १९३४-३५ मध्ये आंतरप्रांतीय स्पर्धा सुरू झाली आणि त्याच हंगामात महाराष्ट्राचा संघ मैदानावर उतरला. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. पुणे, सातारा, सोलापूर, नासिक हे जिल्हे मुंबई इलाख्यात मोडत, तर सांगली, कोल्हापूर ही स्वतंत्र संस्थाने होती. प्रशासनाच्या दृष्टीने सोलापूरचा रहिवासी मुंबई इलाख्याचा प्रजाजन असला, तरी क्रिकेटपुरता तो महाराष्ट्राचा खेळाडू ठरे. १ मे १९६० रोजी राज्याची स्थापना होण्यापूर्वी पंचवीस वर्षे हे नाव धावफलकावर लागत होते, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

त्या काळी भारतातील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा रणजी करंडकाची नव्हती. मुंबईत भरणाऱ्या पंचरंगी सामन्यांना मोठी गर्दी लोटे व त्यांतील संघ हिंदू, मुसलमान, पारशी, यूरोपीय व इतर असे जमातवार असत. प्रादेशिक संघाचे तत्त्व याहून वेगळे होते. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे पंचरंगी सामन्यांत ‘इतर’ संघातून खेळत. महाराष्ट्राच्या संघात मात्र ते पुण्याच्या व इतर जिल्ह्यांच्या खेळाडूंबरोबर एकत्र खेळले. जमातवार सामने १९४६ मध्ये बंद पडले आणि प्रादेशिक तत्त्वच पुढे भारतीय क्रिकेटचा पाया ठरले.

देवधर यांचे नेतृत्व : संघाच्या उत्कर्षाचे प्रमुख श्रेय कर्णधार दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२–२४ ऑगस्ट १९९३) यांना दिले जाते. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ मध्ये मुंबई येथे आर्थर गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध १४८ धावा काढून त्यांनी भारतीय फलंदाजीची गुणवत्ता सिद्ध केली होती. भारताला अधिकृत कसोटी सामने खेळावयास मिळाले ते १९३२ मध्ये. तेव्हा देवधर यांनी चाळिशी गाठली होती. कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. आपल्या अनुभवाचा लाभ त्यांनी महाराष्ट्राच्या संघास दिला. तरुण खेळाडूंवर त्यांचा अध्यापकाचा दरारा होता आणि शारीरिक क्षमतेबाबत त्यांचे स्वतःचे आचरण आदर्श होते.

अजिंक्यपदे : १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय मैदानावर भारतीय खेळाडूने प्रथम श्रेणीच्या सामन्यात केलेले हे पहिले त्रिशतक होय. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांतांवर दहा गडी राखून विजय मिळविला.

पुढील हंगामात विजेतेपद टिकविण्याची खरी कसोटी मुंबईविरुद्ध लागली. पुणे येथे नोव्हेंबर १९४० मध्ये झालेल्या या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यांत देवधरांचा वाटा २४६ धावांचा होता. त्या वेळी त्यांना अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. मुंबईने ६५० धावांपर्यंत मजल मारली. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. त्यामुळे अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढील फेरीत गेला. मद्रास येथील अंतिम सामन्यात त्याने यजमान संघाचा सहा गडी राखून पराभव केला. या हंगामात श्रीरंग (रंगा) सोहोनी यांनी स्पर्धेत ६५५ धावा काढल्या. सोहोनी व हजारे हे दोघेही नवा चेंडू टाकणारे गोलंदाज होते. हे दोघे अष्टपैलू खेळाडू आणि कमल भांडारकर यांच्यासारखा यष्टिरक्षक-फलंदाज यांमुळे संघाला समतोल लाभला होता.

दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडमधील परगणा अजिंक्यपद स्पर्धा १९४० ते १९४५ या काळात बंद होती. रणजी करंडक स्पर्धा मात्र अखंड चालू राहिली.

संघाची पीछेहाट : १९४१-४२ पासून १९४८-४९ पर्यंतच्या आठ हंगामांत महाराष्ट्राला एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. याचे एक कारण स्पर्धेच्या रचनेत होते. त्या काळातील बहुतेक हंगामांत विभागीय सामने जिंकल्यावाचून पुढे जाता येत नसे आणि पश्चिम विभाग देशात सर्वांत प्रबळ होता. या आठ हंगामांपैकी सहांमध्ये करंडक मुंबई, बडोदे व पश्चिम भारत या शेजारच्या संघांनी जिंकला.

दुसरे कारण अधिक खोल होते. केवळ क्रिकेटवर उपजीविका होणे तेव्हा शक्य नव्हते. खेळाडूला नोकरी हवी असे आणि ती देण्याचे सामर्थ्य संस्थानिकांकडे व मुंबईच्या व्यापारी पेढ्यांकडे होते. महाराष्ट्राच्या संघामागे असा आश्रयदाता नव्हता. हजारे बडोदे संस्थानाच्या सेवेत गेले व बडोद्याचा आधारस्तंभ बनले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमद यांच्याबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली, ती बडोद्यासाठी. चंदू सरवटे महाराष्ट्राकडून काही काळ खेळून इंदूरच्या होळकर संघात दाखल झाले. फिरकी गोलंदाज सदू शिंदे व सोहोनी हेही निरनिराळ्या वेळी बडोदे व मुंबई या संघांकडून खेळले. १९४६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात हजारे, सोहोनी, सरवटे व शिंदे हे चौघेही होते. महाराष्ट्राच्या संघातून पुढे आलेले खेळाडू देशाच्या संघात पोहोचले. मात्र त्यांना टिकवून धरण्याचे साधन महाराष्ट्राच्या संघापाशी नव्हते.

या काळातील काही घटना त्या दृष्टीने बोलक्या आहेत. १९४३-४४ मध्ये मुंबईच्या विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून हजारे यांचा उच्चांक मोडला; त्या डावात मर्चंट व रूसी मोदी यांनी सहाव्या गड्यासाठी ३७१ धावांची भर घातली. १९४४-४५ मध्ये देवधर यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध १०५ व १४१ अशी एकाच सामन्यात दोन शतके काढली. हा पराक्रम असामान्य होता; तथापि पन्नाशी उलटलेल्या खेळाडूवर संघाला अद्याप अवलंबून राहावे लागत होते, हेही त्यावरून दिसते.

१९४८-४९ चा हंगाम : या हंगामातील दोन सामने क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. त्याला उत्तर देताना मूळचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार व १ षटकार होता. भांडारकर यांनी २०५ धावा काढल्या आणि या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या असता विश्रांतीची वेळ झाली. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक मोडण्यास निंबाळकर यांना केवळ दहा धावा हव्या होत्या. परंतु काठेवाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. ब्रॅडमन यांचा उच्चांक पुढे १९५९ मध्ये पाकिस्तानचे हनीफ महंमद यांनी ४९९ धावा काढून मोडला. निंबाळकर यांची धावसंख्या प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणाही भारतीयाला अद्याप ओलांडता आलेली नाही. तथापि त्यांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

मार्च १९४९ मध्ये पुणे येथे मुंबईविरुद्ध झालेला उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ व आठ बाद ७१४ आणि महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. सामन्यातील एकूण २,३७६ धावा हा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील जागतिक उच्चांक होय. दोन्ही बाजूंनी मिळून नऊ शतके झाली. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतके (१३३ व १००) काढली. मुंबईच्या माधव मंत्री यांनी द्विशतक केले, तर उदय मर्चंट व दत्तू फडकर यांनी प्रत्येकी दोन शतके केली. चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी पराभूत झाला. एका सामन्यात १,०११ धावा जमविणारा संघ प्रतिपक्षाला १,३६५ धावांपूर्वी रोखू शकला नाही, यात दशकाच्या अखेरीस संघाची अवस्था काय होती, हे स्पष्ट होते. फलंदाजीची परंपरा टिकून होती. प्रतिपक्षाला दोनदा बाद करण्याजोगी गोलंदाजी उरली नव्हती.

सोलापूर जिल्हा : नामवंत खेळाडू आपल्या विभागाबाहेर चमकल्याचे ठळक उदाहरण सोलापूरशी निगडित आहे. भारताचे माजी कर्णधार पहेलन (पॉली) उम्रीगर (१९२६–२००६) यांचा जन्म सोलापूर येथे झाला. लहानपणीच कुटुंबाबरोबर मुंबईला गेल्यामुळे त्यांचा खेळ तेथे विकसित झाला व रणजी स्पर्धेत ते प्रामुख्याने मुंबईकडून खेळले. कसोटी सामन्यांत द्विशतक काढणारे पहिले भारतीय म्हणून त्यांची ख्याती आहे (हैदराबाद, १९५५; न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा). कापडगिरण्यांमुळे औद्योगिक शहर म्हणून वाढलेल्या सोलापुरात पार्क मैदान (इंदिरा गांधी स्टेडियम) हे क्रिकेटचे प्रमुख केंद्र राहिले. दीर्घ खंडानंतर जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र व मणिपूर यांच्यातील रणजी सामना तेथे खेळला गेला.

उत्तरकाल : १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या हंगामांत अंतिम सामना गाठला, त्यांत अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटक यांनी त्याचा पराभव केला. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत संघाच्या नावावर देवधरांच्या कर्णधारपदाखालील दोनच अजिंक्यपदे होती. देवधर यांच्या गौरवार्थ १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने मर्यादित षटकांची आंतरविभागीय स्पर्धा सुरू करण्यात आली. संस्थानिकांचा आश्रय त्यांच्या संस्थानांबरोबर संपुष्टात आला आणि होळकर, नवानगर, काठेवाड ही नावे रणजी स्पर्धेतून लोप पावली. आश्रयदाता नसलेल्या महाराष्ट्र संघाचे नाव मात्र स्पर्धेत टिकून राहिले.