सिरक्याचे थेंब आणि प्रवाळांची टाकी

मे महिन्याच्या सुट्टीत भाईकडे शारजाला गेले होते. कोकणातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांचा अर्धा संसार आखातात आहे, त्यामुळे जाणं-येणं नवं नाही. नवीन होती ती हॉलमधली चार फुटी काचेची टाकी. अडीचशे लिटर खारं पाणी, निळसर दिवे, खडकांवर चिकटवलेले प्रवाळांचे छोटे तुकडे आणि त्यांच्यातून फिरणारे आठ-दहा मासे. अकरावीत शिकणाऱ्या भाच्याचा हा शौक.

तिसऱ्या दिवशी फज्रला उठले आणि हॉलमध्ये थबकले. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. मासे सगळे वर आले होते, तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकत होते. दोन तळाशी निपचित पडले होते. भाच्याला हलवून उठवलं. तो आला, पाहिलं आणि रडवेला झाला. "फुफी, मी सिरका टाकला होता. काल आणि परवा. अर्धा अर्धा कप."

सिरका? माशांच्या टाकीत? मी विज्ञान शिकवते, तरी मलाही आधी काही कळलं नाही. हवेचा पंप पूर्ण जोरात लावला, पन्नास लिटर पाणी बदललं, आणि बाकीचे मासे अल्हमदुलिल्लाह वाचले. मग नाश्त्याच्या टेबलावर त्याने सगळी हकीकत सांगितली. त्याची कल्पना चुकीची नव्हती. चुकलं होतं ते माप.

माशांना आपण खाणं देतो, ते विष्ठा करतात, उरलेलं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांसाठी जहर आहे. टाकीतल्या खडकांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करून असलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. म्हणून नव्या टाकीत पाणी भरल्याबरोबर मासे सोडायचे नसतात. ही वस्ती बसायला महिनाभर तरी लागतो. दुधाला विरजण लावलं की लगेच दही मागून चालत नाही, तसंच.

साध्या माशांचं एवढ्यावर भागतं. प्रवाळांचं नाही. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळालाही पोसतं. खऱ्या प्रवाळभिंतीजवळच्या समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसल्यात जमा असतात. टाकीत मात्र रोज खाणं पडतं आणि बाहेर काही जात नाही. मग अंगातलं शेवाळ माजतं, प्रवाळ मातकट तपकिरी दिसू लागतो, काचेवर हिरवा थर चढतो, आणि फॉस्फेट फार झालं तर प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा वाढणंही मंदावतं. भाच्याच्या टाकीत नायट्रेट ५० पीपीएमवर गेलं होतं. ते १ ते १० च्या दरम्यान राहावं असं हे शौकीन मानतात. पाणी बदलून बदलून पोरगा थकला होता, आणि मीठ तिथेही फुकट मिळत नाही.

आता सिरक्याची गोष्ट. आल्फ्रेड रेडफिल्ड नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. जिवाणूंचा हिशेब अगदी हाच नसला तरी कार्बन त्यांनाही सगळ्यात जास्त लागतो. टाकीत नायट्रोजन आणि फॉस्फरस मुबलक, पण जिवाणूंना खाता येईल असा कार्बन कमी. म्हणजे तांदूळ-डाळ भरपूर आणि चूलच नाही. कार्बन थोडा थोडा पुरवला की जिवाणू वाढतात, आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट आपल्या शरीरात ओढून घेतात.

पण ते जिवाणू तिथेच मेले तर सगळं परत पाण्यात. म्हणून दुसरं काम स्किमरचं. हे एक उभं नळकांडं असतं, त्यात बारीक बुडबुडे सोडतात. वरणाला उकळी येताना जसा फेस वर येतो, तसा जिवाणूंसकट चिकट मळ फेसाबरोबर चढतो आणि वरच्या कपात साचतो. तो कप धुण्याचं काम मी एकदा केलं. पुन्हा सांगू नका.

कार्बनसाठी जगभरचे शौकीन व्होडका वापरतात! भाच्याने पहिल्यांदा ती कृती वाचून दाखवली तेव्हा भाभीने स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "ती बाटली माझ्या घरात येणार नाही." शारजात ती विकतच मिळत नाही, तो भाग वेगळा. पण गंमत अशी की जिवाणूंच्या आत त्या अल्कोहोलचंही आधी ॲसिटिक ॲसिडच होतं, आणि सिरका म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक ॲसिड. एक मिली व्होडकाचं काम साध्या पाच टक्क्यांच्या सिरक्याच्या सुमारे आठ मिलीत होतं. सिरका पांढरा हवा, त्यात साखर-मसाला काही नको. ज्या सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आली आहे तो असा कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मासे का मेले? जिवाणू वाढताना प्राणवायूही खातात. दोन कपांनी नव्हे, एकाच कपाने त्यांची अशी फौज उभी राहिली की पाणी पांढरं झालं आणि त्यातला प्राणवायू संपत आला. रात्री दिवे बंद, शेवाळ प्राणवायू बनवत नाही, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. त्यात सिरका आम्लधर्मी, पाण्याचा सामूही खाली येतो.

त्या दिवशी मी त्याला वहीत तक्ता आखायला लावला. शिक्षिकेची खोड. आठ दिवस सिरका बंद. मग त्याच्या टाकीसाठी रोज दोन मिली, सकाळी दिवे लागल्यावर, जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे. दर आठवड्याला थोडी वाढ. नायट्रेट उतरू लागलं की वाढ थांबवायची. पाणी जरा जरी धुरकट दिसलं की डोस बंद. त्याला हे फार संथ वाटलं, त्याने तोंड वाकडं केलं. मला मात्र त्याच्या सिरिंजचं कौतुक वाटायला लागलं होतं; रमजानमध्ये इफ्तारच्या मिनिटाचीसुद्धा जो वाट बघत नाही, तो पोरगा दोन मिली मोजत बसला होता.

मी परतल्यावर तो फोनवर आकडे सांगत राहिला. ५०, ४५, मग तीन आठवडे काहीच हलेना, मग एकदम २५. फॉस्फेट मात्र तितकं उतरलं नाही. या पद्धतीत नायट्रेट आधी संपतं, आणि ते संपलं की जिवाणूंची वाढ अडते. फॉस्फेटसाठी त्याने लोहाच्या ऑक्साइडच्या दाण्यांची पिशवी लावली. दोन्ही आकडे शून्यावर न्यायचे नाहीत हेही त्याला बजावलं. तसं झालं तर प्रवाळ उपाशी पडून फिके होतात, आणि तपकिरी चिकट थर सगळ्यावर पसरू शकतो.

इथे माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, बाई, आपणही करू या का? नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. ते मालवणच्या समुद्रात आहेत, तिथेच बघावेत. घरात गोड्या पाण्याची टाकी असेल तर तिच्यात सिरका चुकूनही टाकू नका. मळ बाहेर काढणारा स्किमर तिथे नसतो. तिथे काळजी एकच घ्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंची वस्ती मारतं. टाकीतूनच बादलीभर पाणी काढा, त्यात स्पंज पिळा. एका शाळेत शिपाईमामांनी प्रेमाने साबण लावून स्पंज लख्ख केला होता. आठवड्यात टाकी रिकामी झाली.

काल भाच्याचा फोन होता. नायट्रेट ८. एका तपकिरी प्रवाळाच्या टोकांवर जांभळी छटा आली आहे. भाभी मागून ओरडत होती की लोणच्यासाठी आणलेला सिरका पुन्हा कुणी संपवला.