चमचाभर औषध आणि लहान मूल

दोंडाईच्याच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली, की हवेलाच ठसका येतो. मोठी माणसे नाकातोंडाला रुमाल बांधून कामाला लागतात. मिरची वाळते त्या पथारीवर काम करणाऱ्या बायांची पोरे मात्र तिथेच खेळतात आणि दिवसभर खोकतात. संध्याकाळी कुणीतरी दुकानातून खोकल्याची बाटली आणते. मूल ते गोड औषध पिते, गाढ झोपते, आणि घरचे म्हणतात, "चला, गुण आला!"

गुण आला की गुंगी आली? अशा पुष्कळ बाटल्यांत झोप आणणारे औषध असते. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चारून कामावर जात. मूल रडत नसे, एवढाच तिचा गुण! धुळीने आलेला खोकला घशातली धूळ बाहेर काढत असतो. त्याला औषध नको, मुलाला तिथून लांब न्या.

आता तापाचे औषध घेऊ. पॅरासिटामॉल घरोघर असते आणि योग्य मापात ते चांगलेच आहे. घोटाळा होतो तो मापात. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २५०. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकते. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी फार तर १५० मिलिग्रॅम चालते. थेंबांच्या बाटलीतले ५ मिलिलिटर, म्हणजे एक चमचा, त्याला पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम जाते. तिपटीहून जास्त! त्यातून सर्दीच्या मिश्रणातही पुष्कळदा हेच औषध दुसऱ्या नावाने असते. आई एक पाजते, आजी दुसरे. दोघींचा हेतू चांगलाच. पण मात्रा वाढत गेली, की यकृताला, म्हणजे लिव्हरला, इजा होते, आणि पहिल्या दिवशी मूल बरे दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

मग माप कसे ठरवायचे? वयावरून नव्हे, वजनावरून, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचे. वजन अंगणवाडीच्या सेविकाताईंकडे लिहिलेले असते, ते विचारून घ्या. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचे मापच वापरा. लेबल बहुधा इंग्रजीत असते, ही मोठी अडचण आहे. गुरुजींनो, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांतला फरक शिकवताना एखादी रिकामी बाटली वर्गात आणा. पोरे घरी जाऊन आईला वाचून दाखवतील.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुले दगावली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले. त्याने मूत्रपिंडे बंद पडतात. ते सिरप डॉक्टरांनीच लिहून दिलेले होते, तेव्हा आईबापांना बोल लावता येत नाही. पण साध्या खोकल्याला सिरप लागतेच कशाला, हा प्रश्न उरतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे केंद्र सरकारने त्या वेळी पुन्हा बजावले.

जुलाबाचेही तसेच. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलाला देऊ नका. आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगते. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोटघोट पाजा.

श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ते दूध-पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा हाक मारून जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचा दवाखाना गाठा. निघताना जी जी बाटली पाजली असेल ती पिशवीत टाका. नाव काय, किती पाजले आणि किती वाजता, हेच डॉक्टर आधी विचारतील.