विनाआचेचा फराळ, स्वावलंबनाचा धडा

प्रतिनिधी

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा आठवडा म्हणजे विशेष मुलांच्या शाळांतील लगबगीचा काळ. पणत्या रंगविल्या जातात, आकाशकंदील चिकटविले जातात, उटण्याच्या पुड्या बांधल्या जातात. मात्र फराळाच्या पदार्थांपासून ही मुले बहुधा दूरच ठेवली जातात. उकळते तेल, गॅसची ज्योत आणि विळीचे पाते यांच्या भीतीने घरातही 'तू बाजूला बस' हेच त्यांच्या वाट्याला येते. ही भीती अनाठायी नाही. पण आच न लावता होणारे पदार्थ निवडले, तर तिच्यावर सहज मात करता येते.

प्रश्न केवळ सणाच्या हौसेचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यातील बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत आकलनाच्या मर्यादेबरोबरच रोजच्या सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांतील मर्यादांचाही समावेश आहे. साहजिकच मोजणे, ओतणे, मळणे, पुसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे या गोष्टी विशेष शिक्षणात अभ्यासाइतक्याच मोलाच्या ठरतात. 'आमच्यानंतर याचे कसे होणार?' या पालकांच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात अशा लहान कामांतूनच होते.

कोणता पदार्थ निवडावा?

डाळ्याचे लाडू हा सर्वांत सोयीचा पदार्थ. पंढरपुरी डाळे आधीच भाजलेले असल्याने त्याचे पीठ पुन्हा भाजावे लागत नाही. दोन वाट्या पीठ, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर वेलचीपूड आणि अर्धी ते पाऊण वाटी पातळ तूप एवढ्या साहित्यात बारा ते पंधरा लहान लाडू होतात. तूप थिजले असल्यास शिक्षकांनी बरणी गरम पाण्यात ठेवून ते आधीच पातळ करून घ्यावे.

साखर टाळायची असल्यास बिया काढलेला मऊ खजूर कुस्करून त्यात बदामाची पूड मिसळावी व लाडू सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत. नाताळच्या सुमारास बिस्किटांचा चुरा, कोको पावडर व थोडे दूध एकत्र मळून त्याचा रोल करता येतो. तो फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावर त्याच्या चकत्या मोठ्यांनी कापाव्यात.

कामाचे तुकडे

'लाडू कर' ही सूचना अनेक मुलांना उमगत नाही. म्हणून विशेष शिक्षणात कोणतेही काम लहान पायऱ्यांत विभागले जाते. हात धुणे, परात ओल्या फडक्यावर ठेवणे, दोन वाट्या पीठ घालणे, एक वाटी साखर घालणे, वेलचीपूड घालून कालविणे, तूप ओतणे, मळणे, लाडू वळणे आणि कागदी वाटीत ठेवणे अशा नऊ पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीचे छायाचित्र असलेली पट्टी भिंतीवर लावावी. वाचता न येणारे मूलही चित्र पाहून पुढे काय करायचे ते ओळखते.

बऱ्याच वेळा शेवटची पायरी आधी शिकविणे फायद्याचे ठरते. आठ पायऱ्या शिक्षकांच्या मदतीने पार पडतात आणि लाडू वाटीत ठेवण्याचे काम मूल स्वतः करते. ते जमले की वळणे, मग मळणे असे उलट दिशेने जायचे. दर वेळी काम आपण पूर्ण केल्याचे समाधान मुलाला मिळते, हे या पद्धतीचे मर्म.

हातांच्या अडचणी

स्वमग्न मुलांपैकी काहींना चिकट स्पर्श सहन होत नाही. त्यांना मिश्रण जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून बाहेरून मळू द्यावे किंवा हातमोजे द्यावेत. सेरेब्रल पाल्सीमुळे एकच हात चालत असल्यास लाडू वळण्याऐवजी साच्यात मिश्रण दाबण्याचे काम द्यावे. परातीखालील ओले फडके भांडे सरकू देत नाही. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी टेबलाची उंची आधीच पाहून घ्यावी. दृष्टिहीन मुलांना प्रत्येक जिन्नस आधी हाताळू व हुंगू द्यावा आणि भांड्यांच्या जागा मध्येच बदलू नयेत.

सावधगिरी हवीच

पालकांकडून आहाराची लेखी माहिती घेतल्याशिवाय हा उपक्रम करू नये. शेंगदाणे, सुका मेवा किंवा दुधाची ॲलर्जी, मधुमेह, गव्हातील ग्लुटेन न चालणे यांची नोंद हवी. अपस्माराच्या काही मुलांना डॉक्टरांनी कीटोजेनिक आहार सुचविलेला असतो. त्यांना गोड पदार्थ वर्ज्य असतात. अशा मुलांना कामातून वगळू नये, खाण्यासाठी त्यांना चालणारा पदार्थ आधीच ठरवावा. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला डाळ्याचा कोरडा लाडू किंवा चिकट खजूर घशात अडकू शकतो. त्याने काय व कोणत्या स्वरूपात खावे, हे डॉक्टर किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. अख्खे काजू-बदाम मिश्रणात घालू नयेत.

मोठ्यांच्या हातांना आवर

या उपक्रमातील मोठा अडथळा मुलांचा नव्हे, मोठ्यांचा असतो. लाडू वेडावाकडा झाला की शिक्षिकेचा किंवा आईचा हात आपोआप पुढे येतो. विक्रीच्या स्टॉलसाठी एकसारखे लाडू हवे असले, की मुले नुसती शेजारी उभी राहतात आणि काम मोठेच उरकतात. त्यामुळे पहिली काही वर्षे विक्रीचा हेतू न ठेवणेच बरे.

त्यापेक्षा नोंदवहीत प्रत्येक पायरीसमोर 'स्वतः केले', 'खूण केल्यावर केले', 'हात धरून केले' यांपैकी एक शेरा लिहावा आणि चित्रपट्टीची एक प्रत घरी पाठवावी. सुटीत घरच्या फराळाच्या वेळी त्यातील निदान एक पायरी मुलाकडे सोपविली, तर शाळेतील सराव घरात उतरेल. पुढच्या दिवाळीला तीच नोंदवही उघडली की वर्षभरात मूल किती पुढे आले, हे पालकांना ताडून पाहता येईल.